सातारा-सांगलीहून परदेशात: प्रवास, गिर्यारोहण आणि स्वयंसेवेचे एक वर्ष कसे आखावे

परदेशातील एक मोठा ट्रेक, थोडी भटकंती आणि एखाद्या संस्थेत काही आठवडे स्वयंसेवा, असे एक वर्ष जगून पाहावे हा बेत सातारा, कराड, सांगली, मिरज भागांतील अनेकांच्या मनात असतो. पदवीनंतर थोडे थांबलेल्या तरुणांना, नोकरीतून दीर्घ रजा मिळू शकणाऱ्यांना आणि प्रकृती ठणठणीत असलेल्या निवृत्तांना तो पेलण्यासारखाही असतो. बहुतेकांचे नियोजन मात्र उलट्या टोकाकडून सुरू होते. आधी स्वस्त विमान तिकीट दिसते, मग त्याभोवती ट्रेक बसवला जातो आणि उरलेल्या पंधरवड्यात ‘काहीतरी सेवा’ करण्याचे ठरते. ज्या संस्थेकडे आपण जाणार, तिला त्या पंधरवड्यात माणसाची गरज आहे की नाही, हा प्रश्न अखेरपर्यंत कोणी विचारतच नाही. या लेखात सुचवलेला क्रम वेगळा आहे. सेवेचे ठिकाण आणि तारखा आधी पक्क्या कराव्यात, डोंगर त्या तारखांच्या आधी किंवा नंतर बसवावा आणि भटकंतीला शिल्लक दिवस द्यावेत. डोंगराचा हंगाम दर वर्षी येतो; संस्थेची गरज एका विशिष्ट महिन्याची असते.

वर्षाची आखणी

आपल्याकडचे वर्ष जून ते मे असे धरणे सोयीचे ठरते. जून ते सप्टेंबर हे चार महिने कागदपत्रे, पत्रव्यवहार आणि शरीराची तयारी यांना द्यावेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास नेपाळमधील पाऊस ओसरलेला असतो, आकाश स्वच्छ असते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हा तेथील ट्रेकिंगचा उत्तम हंगाम असतो. डिसेंबर ते मार्च या काळात श्रीलंकेच्या नैर्ऋत्य भागात हवामान कोरडे असते. मात्र तेथे दोन मोसमी पाऊस पडतात आणि ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे याच काळातील पहिले काही महिने बेटाचा उत्तर व पूर्व भाग भिजतो, हे ठिकाण निवडताना लक्षात ठेवावे. टांझानियातील किलिमांजारो ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी जानेवारी ते मार्चचा पूर्वार्ध किंवा जून ते ऑक्टोबर हे कोरडे काळ आहेत. पहिल्याच वर्षी नेपाळ, श्रीलंका आणि आफ्रिका हे तिन्ही एकत्र गुंफू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील विवेचन त्यामुळे मुख्यतः नेपाळचा ट्रेक आणि श्रीलंकेतील सेवा हे उदाहरण धरून केले आहे.

पासपोर्ट आणि नावाचा घोळ

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येतात. अर्ज ऑनलाइन भरून उपलब्ध केंद्रांपैकी सोयीच्या केंद्राची वेळ घ्यावी. प्रौढांच्या ३६ पानी पासपोर्टचे साधे शुल्क १,५०० रुपये असून तत्काळसाठी २,००० रुपये जादा पडतात. पासपोर्ट दहा वर्षे चालतो; परंतु प्रवेशाच्या दिवशी त्याची किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी, अशी अट अनेक देश घालतात. म्हणून जुना पासपोर्ट असलेल्यांनीही जूनमध्येच तारीख पाहून घ्यावी.

खरी अडचण नावाची असते. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे लिहिण्याची रीत आहे. पासपोर्टच्या अर्जात आडनावाचा रकाना वेगळा असतो आणि उरलेली दोन्ही पदे पहिल्या नावाच्या रकान्यात एकत्र जातात. दहावीच्या प्रमाणपत्रावर ‘दत्तात्रय’, आधार कार्डावर ‘दत्ता’ आणि मतदार ओळखपत्रावर ‘दत्तात्रेय’ असे असेल, तर केंद्रातील खिडकीवर अर्ज अडतो. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांची शाळेची कागदपत्रे माहेरच्या नावाची आणि आधार कार्ड सासरच्या नावाचे असते. अशा वेळी विवाह नोंदणीचा दाखला किंवा, गरजेप्रमाणे, महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील नावबदलाची प्रसिद्धी जोडावी लागते आणि त्यात काही आठवडे जातात. अर्ज भरण्यापूर्वी एका संध्याकाळी सर्व कागद टेबलावर पसरून नावातील प्रत्येक अक्षर देवनागरीत आणि रोमन लिपीत ताडून पाहावे. विमानाचे तिकीट, विमा आणि संस्थेचे निमंत्रणपत्र यांवरही पासपोर्टावरील स्पेलिंगच यायला हवे.

जिल्हा परिषदेचे शिक्षक आणि इतर शासकीय कर्मचारी यांनी परदेशी जाण्याची परवानगी सक्षम अधिकाऱ्याकडून लेखी घ्यावी. तोंडी ‘जा की, काय हरकत आहे’ यावर तिकीट काढू नये.

सेवेचे ठिकाण कसे निवडावे

या भागाला सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण फसगतही येथेच सर्वांत जास्त होते. माझी कसोटी सोपी आहे: जे काम साताऱ्यात किंवा सांगलीत आपल्याला कोणी करू देणार नाही, ते परदेशात करायला जाऊ नये. डी.एड. न केलेल्या माणसाला आपल्याकडची कोणतीही शाळा पंधरा दिवसांसाठी वर्ग सोपवणार नाही; वैद्यकीय शिक्षण नसलेल्याला कोणी ड्रेसिंग करू देणार नाही. तरीही पैसे भरल्यावर नेमकी हीच कामे देऊ करणाऱ्या मध्यस्थ संस्था जगभर आहेत.

अनाथालयांतील सेवा तर पूर्णपणे टाळावी. नेपाळ आणि कंबोडियासारख्या देशांत पर्यटकांकडून येणाऱ्या पैशांसाठी आईवडील हयात असलेली मुलेही संस्थांत आणून ठेवल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये झालेल्या आधुनिक गुलामगिरीविषयक कायद्याच्या वेळी अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीची दखल घेतली गेली, यावरून प्रश्नाचे गांभीर्य कळते. शिवाय दर दोन आठवड्यांनी नवा माणूस येऊन लळा लावतो आणि निघून जातो, हा अनुभव त्या मुलांसाठी वाईटच असतो.

प्राण्यांच्या बाबतीत कसोटी घ्यायला फार लांब जावे लागत नाही. कोकणात वेळासला समुद्रकासवांची पिल्ले घरट्यातून निघून समुद्राकडे जातात तेव्हा पाहुण्यांना दोरीच्या मागे उभे केले जाते. पिल्लू हातात घेऊन फोटो काढायला कोणी देत नाही. परदेशातील एखादे ‘कासव संवर्धन केंद्र’ पिल्ले हाताळू देत असेल, टाक्यांत दिवसेंदिवस ठेवून पर्यटकांना दाखवत असेल किंवा हत्तीला आंघोळ घालण्याची तिकिटे विकत असेल, तर त्या कामाला संवर्धन म्हणता येणार नाही.

मग उपयोगाचे काय? आपल्या भागातील माणसाकडे काही कौशल्ये अशी असतात की ज्यांची किंमत त्याला स्वतःलाच कळलेली नसते. माण, खटाव, कोरेगाव तालुक्यांत ज्यांनी जलसंधारणाच्या श्रमदानात भाग घेतला आहे, त्यांना समतल चर कसा आखायचा, गावाची सभा कशी बोलवायची आणि उन्हाच्या आधी काम कसे उरकायचे हे ठाऊक असते. कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाला २०१६ मध्ये पहिल्या वॉटर कप या जलसंधारण स्पर्धेचे प्रथम पारितोषिक मिळाले, ते असल्याच जाणतेपणावर. ठिबक सिंचन, रोपवाटिका, दुग्धव्यवसायाचे हिशेब, सायकल किंवा पंपाची दुरुस्ती, मराठी किंवा इंग्रजी टंकलेखन, छायाचित्रण, लेखापालन ही सगळी कामे परदेशातील छोट्या संस्थांना हवी असतात.

श्रीलंकेचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. तेथील सर्वोदय श्रमदान चळवळ १९५८ मध्ये ए. टी. आरियरत्ने यांनी सुरू केली. कोलंबोतील नालंदा महाविद्यालयाचे विद्यार्थी घेऊन ते कनातोलुवा नावाच्या गावात श्रमदानासाठी गेले, तेव्हापासून हे काम हजारो गावांत पसरले. गांधी-विनोबांच्या विचारांशी तिचे नाते असल्यामुळे आपल्याकडच्या माणसाला तिची भाषा परकी वाटत नाही. ‘श्रमदान’ हा शब्दही तोच आहे. ज्यांना दीर्घ मुदतीचे आणि व्यावसायिक स्वरूपाचे काम हवे आहे, त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमाच्या जागा पाहाव्यात. त्याचे मुख्यालय जर्मनीत बॉन येथे आहे आणि घरबसल्या करण्याजोगी ऑनलाइन कामेही तेथे मिळतात. शेतीची आवड असणाऱ्यांसाठी ‘वूफ’ हे जाळे आहे. १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या या पद्धतीत सेंद्रिय शेतावर दिवसातील काही तास काम करावे आणि बदल्यात जेवण व राहण्याची सोय मिळावी, असा व्यवहार असतो.

संस्थेला पहिली ई-मेल पाठवताना स्वतःची स्तुती कमी आणि प्रश्न जास्त असावेत. मी येण्यापूर्वी हे काम कोण करत होते आणि मी गेल्यावर कोण करणार? गावातील लोकांनी हे काम मागितले आहे का? शुल्क घेत असाल तर त्यातील किती भाग जेवणखाण आणि निवासावर खर्च होतो? संस्थेची नोंदणी कोठे आहे, आणि आधी येऊन गेलेल्या एखाद्या स्वयंसेवकाशी बोलता येईल का? शुल्क घेणे हा दोष नाही. छोट्या संस्थेने पाहुण्याचा खर्च का सोसावा? परंतु मुलाखत न घेता, कोणतीही तारीख चालेल असे सांगून, आधी पैसे मागणारी संस्था सोडून द्यावी. याउलट मुलांच्या किंवा महिलांच्या सहवासातील कामासाठी जी संस्था पोलिसांचा दाखला मागते ती जबाबदार समजावी. परदेशासाठीचा हा चारित्र्य पडताळणीचा दाखला पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरूनच अर्ज करून मिळतो.

निघण्यापूर्वी किमान काही आठवडे आपल्याच जिल्ह्यात अशा कामाची सवय करावी. २०१९ च्या महापुरानंतर पलूस, मिरज, वाळवा भागांत ज्यांनी घरांतील चिखल उपसला त्यांना हे सांगावे लागणार नाही की, पूरग्रस्ताच्या दारात जुन्या कपड्यांचे गाठोडे टाकण्यापेक्षा ‘काय हवे?’ असे आधी विचारलेले बरे. वन विभागाचा बुद्धपौर्णिमेच्या रात्रीचा ‘निसर्गानुभव’ हा मचाणावरून प्राणी पाहण्याचा उपक्रमही चांगला. रात्रभर न बोलता बसून नोंदी करणे सर्वांना जमतेच असे नाही.

व्हिसा

नेपाळला जाताना भारतीय नागरिकाला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरते. श्रीलंकेसाठी प्रवासापूर्वी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. येथे एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. पर्यटक म्हणून मिळालेल्या परवानगीवर विनावेतन कामही अनेक देशांत चालत नाही. टांझानियात तर स्वयंसेवकाला वेगळा निवास परवाना काढावा लागतो. ‘विमानतळावर फिरायला आलो असे सांगा’ असा सल्ला कोणत्याही संस्थेने दिला तर तिच्याकडे जाऊ नये. संस्थेकडून कामाचे स्वरूप, तारखा आणि पत्ता लिहिलेले निमंत्रणपत्र मागवून, कोणता व्हिसा लागेल हे त्या देशाच्या वकिलातीकडून लेखी विचारून घ्यावे.

शरीराची तयारी आणि उंचीचा हिशेब

सातारकरांना घाटाची सवय असते आणि त्याचा थोडा अभिमानही असतो. दर वर्षी हिल मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा चढ पळून जाणारे शेकडो लोक शहरात आहेत. प्रियांका मोहिते या साताऱ्याच्याच. त्यांनी २०१३ मध्ये एव्हरेस्ट आणि २०२१ मध्ये अन्नपूर्णा शिखर सर केले. पण सह्याद्रीत दम आणि पाय कमावता येतात, उंचीची सवय होत नाही. राज्यातील सर्वांत उंच कळसूबाई १,६४६ मीटर आहे; एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवरील नामचे बाजार ३,४४० मीटरवर आणि बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे. पहिल्या खेपेस ४,१३० मीटरवरील अन्नपूर्णा बेस कॅम्प निवडणे शहाणपणाचे.

पावसाळ्याचे चार महिने आठवड्यातून किमान तीन दिवस चढ चालावा. सातारकरांना अजिंक्यतारा, यवतेश्वर आणि जरंडेश्वर जवळ आहेत. सांगली-मिरजेचा परिसर सपाट असल्याने तेथील लोकांना दंडोबाचा डोंगर किंवा सागरेश्वर गाठावे लागेल. सॅकमध्ये वजन भरताना दगड किंवा वह्या भरू नयेत. दोन-दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या भराव्यात. सुरुवातीला चार, महिनाभराने आठ लिटर पाणी घेऊन चढावे आणि माथ्यावर पोहोचल्यावर पिण्यापुरते ठेवून बाकीचे झाडांना घालावे. त्यामुळे चढाचा पूर्ण व्यायाम होतो आणि उतरताना गुडघ्यांवर भार येत नाही. नवे बूट याच काळात भिजवून, वाळवून, पायाला बसवून घ्यावेत. दिवाळीनंतर वासोटा किल्ला खुला झालेला असला आणि नेपाळ पुढे ढकलले असेल, तर बामणोलीहून लाँचने शिवसागर जलाशय ओलांडून जाणारा तो ट्रेक रंगीत तालमीसारखा करावा. वन विभागाची परवानगी, नेलेले प्लास्टिक परत आणण्याचा नियम आणि संध्याकाळच्या आत परतण्याची सक्ती हे सगळे शिस्तीचे धडे तेथे आपोआप मिळतात.

उंचीवरील नियम पाठ असावेत. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून अधिक उंचीवर झोपू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम वाढवावा. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे ही उंचीच्या त्रासाची पहिली लक्षणे होत. ती असताना आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागणे, छातीत घरघर होणे, सरळ रेषेत चालताना तोल जाणे किंवा असंबद्ध बोलणे ही जिवावर बेतणारी चिन्हे असून अशा वेळी रात्र असली तरी ताबडतोब खाली उतरावे. ॲसिटाझोलामाइड ही गोळी काहींना उपयोगी पडते. परंतु सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी आणि इतरांनीही ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

नेपाळने एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकरना परवानाधारक गाइड घेण्याचा नियम केला आहे. अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचा परवाना सार्क देशांच्या नागरिकांना १,००० नेपाळी रुपयांत मिळतो. शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये हा दर स्थिर असल्याने हिशेब सोपा जातो. खर्च वाचवायचा असेल तर पुण्याहून रेल्वेने गोरखपूर, तेथून बसने सुनौलीची सीमा आणि पुढे पोखरा असा मार्ग आहे. कंबर मात्र शाबूत हवी.

पैसा, विमा, लस

खर्चाची रक्कम तीन भागांत विभागावी: आधी भरायचे खर्च, रोजचे खर्च आणि आयत्या वेळी परतीचे तिकीट काढता येईल इतकी, कशालाही हात न लावायची रक्कम. नेपाळ आणि श्रीलंकेत २०२४ पासून यूपीआयने पैसे देता येऊ लागले आहेत. पण डोंगरातील चहाच्या टपरीवर आणि खेड्यातील मुक्कामी रोखच चालते. आफ्रिकेत डॉलर नेताना २००६ पूर्वी छापलेल्या नोटा घेऊ नयेत. त्या बहुतेक ठिकाणी नाकारल्या जातात. परदेशी सहलीचे पॅकेज घेतल्यास त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ गोळा करायचा प्राप्तिकर, कापला जातो. पावती जपून ठेवावी, विवरणपत्र भरताना तो आपल्या करात वळता होतो.

प्रवास विमा घेताना केवळ पहिले पान वाचून सही करू नये. साध्या पॉलिसीत ठराविक उंचीच्या वरचे ट्रेकिंग वगळलेले असते. आपल्या ट्रेकमधील सर्वाधिक उंचीचा आकडा कळवून, तो आणि हेलिकॉप्टरने बाहेर काढण्याचा खर्च समाविष्ट आहे असे लेखी उत्तर विमा कंपनीकडून मागवावे.

लसींसाठी निघण्याच्या दोन महिने आधी डॉक्टरांना भेटावे. धनुर्वात, विषमज्वर आणि हिपॅटायटिस ए यांचा विचार बहुतेकांना करावा लागतो. श्रीलंका २०१६ मध्ये हिवतापमुक्त घोषित झाला असला तरी डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो) हे आजार तेथे आहेत. भातखाचरात काम असेल तर गमबूट न्यावेत आणि पायाला जखम असताना चिखलात उतरू नये. केनिया किंवा युगांडाला जाणाऱ्यांना पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी. प्रमाणपत्र नसल्यास परतल्यावर भारतात सहा दिवसांपर्यंत अलग ठेवले जाऊ शकते.

सामानात काय घ्यावे याच्या याद्या सर्वत्र मिळतात, म्हणून येथे एवढेच सांगतो की तासगावचे बेदाणे आणि शेंगदाणा-गुळाचे लाडू थंडीत टिकतात आणि दमलेल्या जिवाला कोणत्याही चॉकलेटपेक्षा लवकर उभे करतात. यजमानांसाठी कंदी पेढे न्यायचे असतील तर त्या देशाचे खाद्यपदार्थविषयक नियम आधी पाहावेत.

तेथे गेल्यावर आणि परत आल्यावर

पहिला आठवडा सूचना देण्याचा मोह आवरावा. ‘आमच्याकडे असे करतात’ हे वाक्य कितीही खरे असले तरी कोणी विचारल्याशिवाय उच्चारू नये. मुलांचे आणि आजारी माणसांचे फोटो परवानगीवाचून काढू नयेत आणि मिळालेल्या परवानगीचा अर्थ ते सर्वत्र पसरवण्याची मुभा असा घेऊ नये. संस्थेचा पत्ता, विम्याचा क्रमांक आणि भारतीय वकिलातीचा दूरध्वनी घरी एका कागदावर लिहून ठेवावा. मोठी अडचण आल्यास परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. ट्रेकवर भरिया (ओझे वाहणारा हमाल) घेतला असेल तर त्याच्या अंगावर पुरेसे कपडे आणि पायांत धड बूट आहेत ना, हे निघण्यापूर्वी स्वतः पाहावे. किलिमांजारोवर एका भरियाने २० किलोंपेक्षा अधिक वजन उचलू नये असा उद्यानाचा नियम आहे. तोच हिशेब इतरत्रही पाळावा.

सेवेचा मुक्काम संपण्याच्या चार-पाच दिवस आधी नवे काम हाती घेणे थांबवून, केलेल्या कामाची टिपणे लिहावीत: कोणते अवजार कोठे ठेवले, कोणाशी काय बोलणे झाले, कोणती फाइल कोणत्या नावाने साठवली. पुढे येणाऱ्या माणसाला दोन पानांचे असे टिपण फार उपयोगी पडते. घरी परतल्यावर महिनाभरात संस्थेला खर्चाचा आणि कामाचा खरा अहवाल पाठवावा, त्यात न जमलेल्या गोष्टीही लिहाव्यात. परतल्यानंतरच्या काही महिन्यांत ताप आला तर साधी गोळी घेऊन अंगावर काढू नये आणि दवाखान्यात गेल्यावर आपण कोणत्या देशात, कोणत्या भागात आणि किती दिवस राहिलो हे डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आधी सांगावे.